कलमीचं अनुपान

भाद्रपदात गणपतीमागोमाग आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. इतरत्र त्यांना गौरी म्हणतात. आम्ही मूळचे विदर्भातले, त्यामुळे जबलपुरात चार पिढ्या काढूनही महालक्ष्म्याच म्हणतो. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघींचे मुखवटे मातीचे आहेत. पणजोबांनी ते नागपूरहून आणले असं घरात सांगतात. याला दुजोरा देणारं आता कुणी हयात नाही.

मुखवट्यांचा एक नियम आहे. डोळे दर वर्षी नव्याने काढायचे. आदल्या वर्षीचे डोळे वर्षभर तसेच राहतात, कारण डोळ्यांशिवाय मुखवटा पेटीत ठेवायचा नाही. महालक्ष्म्या बसायच्या त्या सकाळी पेटी उघडायची, ओल्या फडक्यानं जुने डोळे पुसायचे आणि लगेच काजळानं नवे काढायचे. हे काम घरच्या थोरल्या सुनेचं. इतर कुणी कुंचल्याला हात लावायचा नाही.

माझ्या आठवणीत हे काम कायम मोठी आईच करत आलेली आहे. मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. ती खालच्या मजल्यावर मुलगा, सून आणि नातीबरोबर राहते. आम्ही वर राहतो. तिचा हात चांगला होता. एका दमात पापणीची रेघ ओढायची, मग बुबुळ, मग भुवई. कुंचला दुसऱ्यांदा टेकवावा लागत नसे.

दोन वर्षांपूर्वी कनिष्ठेचा डावा डोळा स्वयंपाकघराकडे वळला.

हे सगळ्यांना दिसलं. जेवायला आलेल्या शेजारच्या काकूंनी नमस्कार केला, जरा निरखून पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "नैवेद्याला किती वेळ आहे ते पाहून राहिली वाटते." मोठी आई तेव्हा आत पुरण वाटत होती. तिनं ऐकलं नाही. तिला सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. ठरवलं म्हणजे कुणी तसं बोललं नाही, पण सांगितलंही नाही. मागच्या वर्षी कनिष्ठेचा डोळा पुन्हा तिकडेच वळला आणि ज्येष्ठाही त्याच वाटेनं गेली. तिचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा बोटभर वर होता. दर्शनाला आलेली माणसं जरा जास्त वेळ हात जोडून उभी राहायची. घरातले त्याला भक्ती म्हणायचे.

मोठी आईला मोतीबिंदू आहे हे निदान यंदा आषाढात झालं. खरं तर ते त्याआधीच व्हायला हवं होतं, पण दिसत नाही असं ती म्हणतच नव्हती. दिवे मंद झाले, वर्तमानपत्राची छपाई बिघडली, असं म्हणायची. मी त्याच वर्तमानपत्रात काम करतो. हिंदी दैनिक आहे आणि छपाईची तक्रार माझ्याकडेच यायची. शेवटी एका सकाळी तिनं चहात मीठ घातलं, तेव्हा दादा तिला नेपियर टाउनमधल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. दादा म्हणजे तिचा मुलगा, माझा चुलत भाऊ. तो बँकेत आहे. मीही गेलो, कारण स्कूटर लावायला जागा मिळत नाही आणि एकानं खाली थांबावं लागतं. त्या दिवशी जागा मिळाली, म्हणून मीही वर गेलो.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी दोन्ही डोळे तपासले आणि उजवा आधी करू म्हणाले. मग त्यांनी रक्ताचा अहवाल पाहिला. मोठी आईला बरीच वर्षं मधुमेह आहे, दुसऱ्या प्रकारचा, वयाबरोबर येणारा. त्यासाठी सकाळ-संध्याकाळ गोळी चालू होती. साखर मात्र दोनशेच्या बरीच वर होती.

"माताजी, पहले शुगर नीचे लाइए. फिर तारीख देता हूँ."

"महालक्ष्म्यांच्या आधी पाहिजे," मोठी आई मराठीतच म्हणाली. ती डॉक्टरांशी नेहमी मराठीतच बोलते. त्यांना समजलं नाही तर तो त्यांचा प्रश्न.

दादानं भाषांतर केलं. डॉक्टर म्हणाले, "वो तो आपकी शुगर बताएगी."

येताना ती ऑटोत बसली. दादाच्या स्कूटरवर बसायला डॉक्टरांनी मनाई केली नव्हती, ती तिनं स्वतःच केली होती. घरी आल्यावर चप्पल काढता काढता तिनं वहिनीला सांगितलं, "नाही झालं ऑपरेशन, तर यंदा कुंचला तुला धरावा लागेल."

वहिनी एका कोचिंग क्लासात गणित शिकवते. फळ्यावर हातानं वर्तुळ काढते आणि ते गोल येतं. ती म्हणाली, "मी नाही बाप्पा. देवीचे डोळे आहेत ते, भूमिती नाही."

"मग कोण? तुझा नवरा?"

"यांना विचारा. यांना सही एकसारखी येत नाही."

"माझ्या सहीवर बँक चालून राहिली," दादा म्हणाला.

"म्हणूनच भीती वाटते," वहिनी म्हणाली.

मोठी आई हसली नाही. ती आपल्या खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं. बाहेरच्या तिघांनाही तेव्हा एकच गोष्ट सुचली होती, ती म्हणजे कनिष्ठेचा डावा डोळा.

दुसऱ्या दिवसापासून तिनं साखर बंद केली. ती बंद करणं म्हणजे पूर्ण बंद. चहा बिनसाखरेचा. भात एक मूद, तीही वहिनीनं पाहून वाढलेली. रात्री ज्वारीची भाकर. तिची एकच आवड होती, कमानिया गेटजवळची खव्याची जिलबी, काळपट, जाड, पाकात बुडवलेली. दादा दर रविवारी भाजी आणायला तिकडे जातो आणि येताना पुडा आणतो. त्या रविवारी त्यानं पुडा आणला नाही. मोठी आईनं विचारलं, "आज गर्दी होती का?" तो म्हणाला, "होती." तिनं एवढ्यावर विषय संपवला. नातीनं मला नंतर सांगितलं, की पापांनी पुडा घेतला होता आणि तो वाटेतच बसून खाल्ला.

दालचिनी घरात आली ती दादाच्या फोनमधून. एका व्हिडिओत पांढरा कोट घातलेला एक गृहस्थ सांगत होता, की दालचिनीनं साखर हमखास उतरते. त्याखाली कॅप्सूलची जाहिरात होती. दादानं दोन बाटल्या मागवल्या.

या विषयाची मला थोडी माहिती होती. माझ्या टेबलावर अशा बातम्या येतात. दालचिनी, मेथी, जांभळाच्या बिया, कारल्याचा रस, यांतलं काहीतरी दर पंधरवड्याला साखर उतरवतं. आमच्याकडे त्या छापल्या जातात, कारण वाचल्या जातात. शेवटी एक ओळ घालायची असते, 'डॉक्टर की सलाह अवश्य लें.' जागा कमी पडली की पहिली तीच ओळ उडते. दादाला मी एवढंच सांगितलं, की दालचिनीवर झालेल्या तपासण्यांचं उत्तर एकसारखं नाही. काहींत साखर थोडी उतरलेली दिसते, काहींत काहीच फरक दिसत नाही. गोळीच्या जागी ती घेता येत नाही.

"गोळीच्या जागी कोण देऊन राहिलं? गोळीच्या सोबत."

"डॉक्टरांना विचार."

"अरे, मसाल्यातली वस्तू आहे. आपण पुलावात घालतो. त्याला काय डॉक्टरला विचारायचं?"

मोठी आईनं बाटली हातात घेऊन हलवली. "हे काय आहे?"

"कलमी," दादा म्हणाला. आमच्याकडे दालचिनीला कलमी म्हणतात.

"कलमी? अच्छा." तिचा चेहरा खुलला. नाव ओळखीचं होतं. "मग आधी काहून नाही आणली?"

सकाळी दोन, संध्याकाळी दोन, असं ठरलं. गोळ्या आणि पथ्य पूर्वीसारखंच. तीन आठवड्यांनी रक्त तपासायचं. मोठी आईनं बाटली देवघरात नेऊन ठेवली. ती सकाळची पूजा सोवळ्यात करते आणि त्या वेळी आत कुणी जायचं नसतं. औषध पूजेनंतर, अनशापोटी. इतक्या वर्षांची शिस्त असल्यामुळे तिनं औषध घेतलं की नाही, हे कुणी विचारलं नाही. तिनं ते एकदाही चुकवलं नाही, हे नंतर सिद्ध झालं.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. साखर वाढली होती.

घरात चौकशी सुरू झाली. चौकशीचं काम दादानं हाती घेतलं. पहिला संशय भातावर आला. वहिनी म्हणाली, मूद मी स्वतः मोजून वाढते. दुसरा संशय जिलबीवर. नात कॉलेजात जाते आणि कमानिया गेटवरून येते. तिला विचारलं, "आजीला काही आणून देत होतीस?" ती उसळली. "पापा, जलेबी किसने खाई थी संडे को? बोलूँ?" दादानं तो मुद्दा सोडला. तिसरा संशय भजनी मंडळावर आला, कारण तिथे प्रसाद असतो. मोठी आईनं सांगितलं की प्रसाद ती पदराला बांधून आणते आणि चिमण्यांना घालते. हे खरं होतं. गच्चीवर चिमण्या जास्त आणि मुंग्या त्याहून जास्त, अशी परिस्थिती होती.

"म्हणजे मी चोरून खाते असं म्हणणं आहे तुझं?" तिनं दादाला विचारलं.

"मी असं कुठे म्हटलं?"

"सगळ्यांना विचारून राहिला. मला सोडून."

"बरं, तुला विचारतो. चोरून खातेस का?"

"नाही."

"झालं. संपलं."

"संपलं कसं? साखर कुठून आली?"

ती आपल्या खोलीच्या दाराशी उभी होती. म्हणाली, "भाद्रपद लागायला आता काय उरलं आहे?" आणि पहिल्यांदाच तिचा आवाज जरा कापला. ज्या बाईनं चाळीस माणसांचा स्वयंपाक एकटीनं काढला आहे तिचा आवाज कापतो, तेव्हा घरातले लोक आपापल्या कामाला लागतात. तसे ते लागले. वहिनीनं त्या संध्याकाळी एका जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर डोळे काढून पाहिले. ते मला तिनं दाखवले. एक डोळा चांगला होता. दुसरा पहिल्याचा आरशातला असायला हवा होता. तो पहिल्याचा दूरचा नातलग वाटत होता.

पुढची गोष्ट मुंग्यांमुळे उघडकीस आली. त्यात तपासाचं काही श्रेय घेण्यासारखं नाही.

श्रावण लागला होता. सकाळी मी खाली वर्तमानपत्र घ्यायला गेलो. वहिनी देवघराच्या उंबऱ्याशी वाकून हळद टाकत होती. उंबऱ्यावरून मुंग्यांची रांग आत गेली होती. मला म्हणाली, "रोज हळद टाकून राहिले, रोज येतात. श्रावणात पंचामृत असते ना. मधाची बाटलीही पहा ना, पंधरा दिवसांत संपली." मध पाटनचा होता. दादाच्या बँकेतल्या एका सहकाऱ्याचं तिकडे शेत आहे, तो दर वर्षी दोन मोठ्या बाटल्या पाठवतो. एक बाटली सहसा दिवाळीपर्यंत पुरते.

"पंचामृतात एवढा मध?"

वहिनी गणिताची. तिनं हळदीचा डबा खाली ठेवला.

दार अर्धं उघडं होतं. मोठी आईची पूजा झाली होती. ती पाटावर बसली होती, समोर कॅप्सूलची बाटली आणि एक चांदीची वाटी. तिनं एक कॅप्सूल घेतली, चिमटीत धरून दोन टोकांना पिरगाळली आणि उघडली. तपकिरी पूड वाटीत पडली. रिकामी टोपणं तिनं बाजूला कागदावर ठेवली. दुसरी कॅप्सूल तशीच. मग वाटीत मध ओतला. चमच्यानं नव्हे, बाटलीतून. बोटानं कालवलं, डोळे मिटले आणि चाटायला सुरुवात केली.

वहिनी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "आई, हे काय आहे?"

मोठी आईनं डोळे उघडले. "औषध."

"आणि ते?"

"कोणतं?"

"वाटीतलं."

"अनुपान."

आयुर्वेदाचं औषध नुसतं घ्यायचं नसतं, ते मध, तूप, गूळ किंवा दूध यांच्याबरोबर घ्यायचं असतं. त्या सोबतच्या वस्तूला अनुपान म्हणतात. आमच्या घरात सगळी मुलं वेखंड, सुंठ आणि पिंपळी मधातून चाटून मोठी झालेली आहेत. चाटवणारी मोठी आईच.

"मध घेऊन राहिल्या तुम्ही? रोज?"

"रोज काय, दोन वेळा. सकाळ-संध्याकाळ. जसं सांगितलं तसं."

"किती?"

"कलमी जहाल असते वं. जीभ पोळते. तेवढा लागतोच." आणि तिनं वाटी पुढे करून दाखवली. वाटी अर्ध्याच्या वर भरलेली होती.

तोवर दादा दात घासता घासता आला. त्यानं सगळं ऐकलं, चूळ भरून परत आला आणि म्हणाला, "आई, साखर बंद सांगितली होती ना?"

"बंद आहे. आषाढापासून एक दाणा नाही तोंडात. विचार हिला."

"मध म्हणजे साखरच आहे ना!"

"मध म्हणजे मध. साखर कारखान्यात होते." ती शांत होती. "आणि मी काय पोळीला लावून खाल्ला? औषधाला घेतला."

यात खोटं काहीच नव्हतं. तिच्या हिशेबी अन्न वेगळं, औषध वेगळं आणि अनुपान औषधाच्या बाजूला मोडतं. तिला साखर, गूळ, जिलबी, भात आणि आंबा यांचं पथ्य सांगितलं होतं. ते तिनं तंतोतंत पाळलं. औषधाचं पथ्य कुणी सांगितलं नव्हतं.

"कॅप्सूल अख्खीच का नाही गिळली?" मी विचारलं.

तिनं कागदावरची टोपणं माझ्यापुढे सरकवली. "हे हाडाचं असते. भजनात त्या मास्तरीणबाई सांगत होत्या. जनावरांच्या हाडांपासून करतात. चातुर्मासात मी कांदा नाही खात, आणि हाड खाऊ?"

"मग डॉक्टरची गोळी? ती कशी घेतेस? तीही मधात?" दादानं विचारलं. त्याच्या आवाजात भीती होती.

"ती पाण्याबरोबर. ती इंग्रजी औषध आहे, तिला अनुपान नसते. एवढं मला समजते."

आवाज ऐकून नात आली. तिनं देवघरात न शिरता हात लांब करून बाटली मागितली, लेबल डोळ्यांजवळ नेलं आणि वाचलं. "आज्जी, ये तो वेज है. हरा निशान बना है. कवर पौधे का है, लिखा है छोटा सा."

मुंग्या चालत होत्या.

"मग हे आधी काहून नाही वाचलं कुणी?" मोठी आई म्हणाली. "मला तर दिसत नाही. तुम्हाला दिसते ना?"

हा प्रश्न सगळ्यांनाच होता. नात कॉलेजला जायची घाई असल्याचं सांगून निघून गेली.

त्याच दिवशी तिला मधुमेहाच्या डॉक्टरांकडे नेलं. तेही नेपियर टाउनमध्येच, एक गल्ली पलीकडे. वयस्कर गृहस्थ आहेत, कमी बोलतात. दादानं सगळी हकिकत सांगितली. डॉक्टर हसले नाहीत, हे मुद्दाम सांगायला हवं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. कंपाउंडर मात्र पडद्यामागे गेला आणि बराच वेळ आला नाही.

"शहद बंद," ते म्हणाले. "और दालचीनी भी."

"डॉक्टरसाहेब, दालचीनी से नुकसान तो नहीं है ना?" दादानं विचारलं. बाटली त्यानं स्वतः मागवली होती.

डॉक्टरांनी हिंदीत जे सांगितलं त्याचा सारांश असा. फायदा असला तर थोडा असेल, नसेलही. कुणाला किती द्यायची आणि कोणत्या जातीची, हे नक्की नाही. बाजारात मिळते ती बहुतेक जाड सालीची दालचिनी, तिच्यात एक द्रव्य असतं, ते रोज जास्त प्रमाणात पोटात गेलं तर यकृताला त्रास होऊ शकतो. शिवाय ती गोळीबरोबर साखर किती खाली नेईल, याचाही अंदाज नसतो. पुलावात घालता तेवढी चालेल. ऑपरेशन तोंडावर असताना मला एकच औषध चालू हवं आहे, जे मी दिलं आहे आणि ज्याचं मी मोजमाप करू शकतो.

त्यांनी गोळीची मात्रा थोडी वाढवली आणि संध्याकाळी अर्धा तास चालायला सांगितलं. मोठी आईनं निघताना विचारलं, "आणि पाण्याबरोबरच घ्यायची ना?"

या वेळी भाषांतराची गरज पडली नाही. "हाँ माताजी. सादा पानी."

साखर उतरली. भराभर नाही, पण दर आठवड्याच्या तपासणीत थोडी थोडी. संध्याकाळी मोठी आई कॉलनीच्या बागेला फेऱ्या मारायची आणि दादा तिच्याबरोबर. ती पुढे, तो मागे. ती वळून म्हणायची, "चल ना रे, काहून रेंगाळून राहिला?" त्या महिन्यात दादाचंही पोट थोडं कमी झालं. दालचिनीचं श्रेय घेण्याची संधी त्याला राहिली नाही. तरी एकदा तो म्हणालाच, "पहिले तीन आठवडे घेतली, त्याचा परिणाम आता दिसत असेल." वहिनीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. उरलेल्या कॅप्सूल तिनं एकेक उघडून मसाल्याच्या डब्यात रिकाम्या केल्या. एक बाटली अजून बंद आहे. परत घेत नाहीत.

श्रावणाच्या शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तारीख दिली. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, ती त्याच दुपारी काळा चष्मा लावून घरी आली आणि अंगणातल्या खुर्चीत बसली. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. तिनं आधी आपल्या हाताकडे पाहिलं. मग घराकडे. "भिंती पिवळ्या कधी झाल्या?" तिनं विचारलं. मग वहिनीकडे वळून, "आणि तुझे केस?" वहिनी म्हणाली, "चलो, आता सगळं निघणार बाहेर."

डॉक्टरांच्या अटी होत्या. वाकायचं नाही, धुरात जायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही. त्यामुळे यंदा तिला स्वयंपाकघरात प्रवेश नव्हता. तुपाच्या दिव्यावर काजळ वहिनीनं धरलं. मुखवटे जमिनीवर पाटावर ठेवून डोळे काढायची पद्धत, पण वाकायचं नाही म्हणून जेवणाच्या टेबलावर गव्हाचा मोठा डबा ठेवला आणि त्यावर पाट. मुखवटा तिच्या नजरेसमोर येईल असा.

पेटी दादानं आणली. ती आणताना तो माझ्याकडे पाहत होता. वहिनी दोघांकडे पाहत होती. आत काय आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, एकीला सोडून. आणि ते आता तिला दिसणार होतं.

मोठी आईनं काळा चष्मा काढला. दोन्ही मुखवट्यांवरचं लाल कापड दूर केलं. आधी ज्येष्ठेकडे पाहिलं. मग कनिष्ठेकडे. मग कनिष्ठा ज्या दिशेला पाहत होती त्या दिशेला मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"हे मी काढले? मागच्या वर्षी?"

"मागच्या," दादा म्हणाला. आणि मग, खरं बोलायचंच आहे तर पूर्ण बोलावं अशा थाटात, "आणि त्याच्या आधीच्याही."

"दोन वर्षं देवी अशा बसून राहिल्या. एवढे लोक येऊन गेले. आणि तुम्ही सगळे हात जोडून उभे?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं," वहिनी म्हणाली.

"मला? मला काय वाटायचं, मला दिसतच नव्हतं. त्यांना काय वाटलं असेल?" तिनं मुखवट्यांकडे बोट केलं. मग पुन्हा एकदा कनिष्ठेकडे पाहिलं आणि तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. "जेवायला वाढा म्हणून राहिली हो ही."

नात पहिल्यांदा हसली. मग दादा. मोठी आई सगळ्यात शेवटी हसली आणि डॉक्टरांनी जोरात हसायला मनाई केली आहे का, हे विचारायचं राहिलं होतं, म्हणून लगेच थांबली.

ओल्या फडक्यानं तिनं जुने डोळे पुसले. वहिनी शेजारी कुंचला घेऊन उभी होती, द्यायला. मोठी आईनं तो घेतला, काजळात बुडवला, टोक बोटावर फिरवून पाहिलं. वहिनीला म्हणाली, "तू काढतेस का एक?"

वहिनी एक पाऊल मागे सरकली.

"नको तर नको. मलाही घाई नाही द्यायची."

डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू तसाच होता, तो तिनं मिटून घेतला. श्वास रोखला. पापणीची रेघ एका दमात आली. मग बुबुळ, मग भुवई. चारही डोळे काढून होईपर्यंत घरात कुणी हाललं नाही. कुकरची शिट्टी झाली, तेव्हा वहिनी तिकडे धावली नाही. त्या दिवशीच्या नैवेद्याची भाजी त्यामुळे जरा खाली लागली.

दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या दिवशी, शेजारच्या काकू आल्या. हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि नेहमीप्रमाणे जरा निरखून पाहत राहिल्या. मोठी आई काळा चष्मा लावून बाजूच्या खुर्चीत बसली होती. तिच्यापुढे अर्धी पुरणपोळी होती. डॉक्टरांना फोन करून विचारलेली अर्धी.

"यंदा देवी काही वेगळीच दिसून राहिली," काकू म्हणाल्या.

मोठी आईनं पुरणपोळीचा तुकडा मोडला.

"तिचंही ऑपरेशन झालं," ती म्हणाली.

काकूंनी आधी कनिष्ठेकडे, मग तिच्याकडे पाहिलं आणि आंबील मागून घेतली.